नारू, प्लेग आणि निरंक अहवाल

जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात एका रुग्णाच्या शरीरातून नारूचा कृमी बाहेर पडला आणि त्याची नोंद झाली. भारतातील ती शेवटची नोंद ठरली. मात्र भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने दिले ते फेब्रुवारी २००० मध्ये. मधल्या साडेतीन वर्षांत रुग्ण नव्हते, उपचार नव्हते, वर्तमानपत्रांना देण्याजोगी बातमीही नव्हती. तरीही दिल्लीतील एक संस्था, आणि तिने आखून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे राज्याराज्यांतील आरोग्य कर्मचारी, गावोगाव जाऊन तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिले, की गावात कोणाला नारू झाला आहे का. मला या साडेतीन वर्षांविषयी लिहावेसे वाटते, कारण रोगनियंत्रणासाठी देशपातळीवर एक संस्था कशासाठी लागते, या प्रश्नाचे उत्तर मला तिच्या गाजलेल्या मोहिमांपेक्षा या शांत काळात अधिक स्पष्ट दिसते.

ही संस्था आज राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे एनसीडीसी, या नावाने ओळखली जाते. तिची सुरुवात १९०९ मध्ये कसौली येथे मध्यवर्ती मलेरिया ब्युरो म्हणून झाली, १९३८ मध्ये ती दिल्लीला आली, आणि मलेरियाचे प्रमाण खूप घटल्यावर ३० जुलै १९६३ रोजी तिचे रूपांतर राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेत, म्हणजे एनआयसीडीमध्ये झाले. २००९ पासून तिला सध्याचे नाव आहे. कोरोनाच्या काळात अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले असेल, आणि तेही बहुधा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद किंवा पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था यांच्या नावांसोबत. त्या दोन्ही संस्थांचा भर संशोधनावर आहे. एनसीडीसीचे मुख्य काम त्याहून वेगळे आहे: देशात कोठे कोणता रोग उद्भवतो आहे यावर नजर ठेवणे, साथ आली की तिचा माग काढणे, आणि त्यासाठी राज्यांतील माणसे तयार करणे.

नारू माहीत असलेली पिढी आता साठीच्या पुढे गेली आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. हा कृमी दोऱ्यासारखा असतो. त्याची मादी जवळजवळ एक मीटरपर्यंत लांब वाढते, पण जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचे अतिशय सूक्ष्म जलजीव असतात आणि त्यांच्या पोटात नारूच्या अळ्या वाढतात. असे पाणी प्यायले की जठरातील आम्लाने सायक्लॉप्स मरतो, अळ्या मात्र सुटून आतड्याच्या भिंतीतून शरीरात शिरतात. पुढे सुमारे वर्षभर माणसाला काहीही कळत नाही. मग एके दिवशी, बहुतेक वेळा पायावर, एक फोड येतो, त्याची भयंकर आग होते, आणि तो फुटला की आतून पांढऱ्या दोऱ्याचे टोक दिसू लागते. ती आग शमवण्यासाठी माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी मादी लाखो अळ्या त्या पाण्यात सोडते. तेच पाणी गाव पिते, आणि वर्षभराने पुन्हा तेच घडते.

माझ्या वडिलांच्या उजव्या पोटरीवर एक लांबट, आत ओढला गेलेला व्रण होता. मराठवाड्यातील त्यांच्या गावी पिण्याचे पाणी बारवेतून यायचे. पायऱ्या उतरून, पाण्यात उभे राहून घागर बुडवायची, अशी तिथली रीत होती. त्यांच्या पायातून निघालेला नारू काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढला जात होता, कारण त्याशिवाय दुसरा उपाय नव्हता, आणि अर्ध्यावर तो तुटला. तुटलेला नारू आत राहिला की पाय सुजतो, पिकतो, कधी कधी सांधा कायमचा आखडतो. वडील त्या वर्षी पेरणीला शेतात उतरू शकले नाहीत. ते या आजाराविषयी फारसे बोलत नसत, पण पिण्याचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय माठात पडू द्यायचे नाही, हा त्यांचा नियम घरी नळ आल्यानंतरही कित्येक वर्षे टिकून होता.

हा आजार आरोग्ययंत्रणेला फार अवघड प्रश्न घालतो. नारूवर लस नाही. शरीरात शिरलेल्या कृमीला मारणारे औषधही नाही. एकदा नारू होऊन गेला म्हणून पुढे संरक्षण मिळत नाही. तोच माणूस पुढच्या वर्षी पुन्हा आजारी पडू शकतो. म्हणजे रुग्णालय उभारून, डॉक्टर नेमून किंवा गोळ्या वाटून हा रोग आटोक्यात येणार नव्हता. दुसरीकडे त्याचे एक दुर्बळ स्थानही होते: ज्या गावात पिण्याच्या पाण्यात कोणाचा पाय पडत नाही, किंवा पिण्यापूर्वी पाणी गाळले जाते, तिथे एका वर्षात साखळी तुटते. त्यासाठी फक्त एक गोष्ट नेमकी कळायला हवी होती, ती म्हणजे कोणत्या गावात, कोणत्या पाणवठ्यावर आणि कोणत्या माणसामुळे ही साखळी चालू आहे.

भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला आणि त्याचे समन्वयन एनआयसीडीकडे सोपवले. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडू अशी सात राज्ये बाधित होती. १९८४ च्या मोजणीत सुमारे ४०,००० रुग्ण आणि १२,००० हून अधिक बाधित गावे आढळली. या आकड्यांचे महत्त्व असे, की त्याआधी नारूची खरी व्याप्ती कोणालाच ठाऊक नव्हती. नारूचा रुग्ण दवाखान्यात जात नसे. त्याला चालता येत नसे, आणि गेला तरी डॉक्टरांकडे त्याच्यासाठी काही नव्हते. सरकारी रुग्णालयांच्या नोंदवह्यांत म्हणून हा रोग जवळजवळ अदृश्य होता. घरी जाऊन विचारल्याशिवाय तो सापडणार नव्हता.

घरोघर जाऊन रोग शोधण्याची ही पद्धत देवीच्या निर्मूलनात सिद्ध झालेली होती. १९७३ पासून देशात देवीच्या रुग्णांसाठी घरोघर शोधमोहिमा निघाल्या, रुग्ण कळवणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले, आणि मे १९७५ मध्ये देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. नारूसाठी तीच रीत उचलली गेली, पण देवीसाठी हाताशी लस होती आणि इथे काहीच नव्हते, हा फरक विसरता येणार नाही. आरोग्य कर्मचारी बाहेर पडणाऱ्या नारूचे चित्र असलेले कार्ड घेऊन घरी, शाळेत, बाजारात जात आणि लोकांना विचारत, असे कोणाला झाले आहे का. निरक्षर माणसालाही ते चित्र कळत असे, आणि मुले तर शेजारपाजारची माहितीही लगेच सांगत.

रुग्ण सापडला की त्याच्या जखमेवर मलमपट्टी करणे, तो पाण्यात उतरणार नाही याची काळजी घेणे, गावाला पाणी गाळण्यासाठी जाळीदार कापड देणे, पाणवठ्यात टेमेफॉस हे औषध ठरलेल्या अल्प प्रमाणात टाकून सायक्लॉप्स मारणे, आणि त्या गावाला सुरक्षित पाण्याच्या योजनेत अग्रक्रम मिळवून देणे, असा क्रम ठरलेला होता. पायऱ्यांच्या विहिरींच्या पायऱ्या बंद करून, त्यांना कठडा बांधून, रहाटाने पाणी ओढण्याची सोय करण्यात आली. जिथे जमिनीत पाणी होते तिथे हापसा बसला. या हापशाच्या घडणीत महाराष्ट्राचा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो: देशभर आणि पुढे आफ्रिकेतही पोहोचलेला इंडिया मार्क २ हा हातपंप सोलापुरात तयार झालेल्या पंपाच्या धर्तीवर विकसित करण्यात आला होता, आणि त्याआधी जालन्यातही अशा टिकाऊ पंपाचे प्रयोग झालेले होते.

यातले कोणते काम दिल्लीच्या संस्थेने स्वतः केले? हापसे तिने बसवले नाहीत, ते पाणीपुरवठा खात्यांनी बसवले. घरोघर ती गेली नाही, राज्यांचे आरोग्यसेवक गेले. विहिरींचे बांधकाम तिच्या अखत्यारीत नव्हते. आपल्या राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने ती कोणत्याही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला थेट आदेशही देऊ शकत नव्हती. वरवर पाहिले तर तिच्या वाट्याला फक्त कागद उरतात. परंतु सात राज्यांत रुग्ण कोणाला म्हणायचे याची एकच व्याख्या असणे, सर्वांचा अर्ज एक असणे, शोधमोहिमेच्या तारखा एक असणे, आणि एका राज्याने दिलेला आकडा बाहेरच्या पथकाने गावात जाऊन तपासणे, या गोष्टी कोणत्याही एका राज्याला एकट्याने करता येण्यासारख्या नव्हत्या. व्याख्येचेच पाहा. त्वचेतून नारू प्रत्यक्ष बाहेर येताना दिसला तरच रुग्ण धरायचा, हा नियम साधा वाटतो, पण तो नसता तर एका जिल्ह्याने पायावरची प्रत्येक जखम मोजली असती, दुसऱ्याने संशय टाळण्यासाठी काहीच मोजले नसते, आणि त्या दोन जिल्ह्यांची बेरीज निरर्थक ठरली असती.

आकडे घसरत गेले. १९९३ मध्ये ७५५, १९९४ मध्ये ३७१, १९९५ मध्ये ६०, आणि १९९६ मध्ये फक्त ९. माझ्या मते खरी परीक्षा इथून सुरू होते. जेव्हा चाळीस हजार रुग्ण असतात, तेव्हा काही हजार नजरेतून निसटले तरी कार्यक्रमाची दिशा चुकत नाही. नऊ रुग्ण असताना दहावा निसटला तर पुढच्या उन्हाळ्यात एक पूर्ण गाव आजारी पडू शकते. रोग जसजसा कमी होतो तसतसे त्याला शोधणे महाग आणि कंटाळवाणे होत जाते. ज्या कर्मचाऱ्याने पाच वर्षांत एकही नारू पाहिलेला नाही, त्याने सहाव्या वर्षी पुन्हा चित्राचे कार्ड घेऊन तीनशे घरे फिरावीत आणि संध्याकाळी निरंक, म्हणजे एकही रुग्ण नाही, असा अहवाल द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. तो घरी बसून निरंक लिहू शकतो. दोन्ही अहवाल कागदावर सारखेच दिसतात.

म्हणून निर्मूलनाच्या अखेरच्या टप्प्यात एनआयसीडीपुढचा प्रश्न रुग्णांचा नव्हताच, तो विश्वासार्हतेचा होता. प्रमाणपत्रासाठी किमान तीन वर्षे देशात स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण नसावा, आणि तो असता तर यंत्रणेला तो नक्की सापडला असता, हे दोन्ही सिद्ध करावे लागते. यातली दुसरी अट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे. रुग्ण कळवणाऱ्यासाठी रोख बक्षीस जाहीर करणे, गावात उठलेली प्रत्येक वार्ता नोंदवून तिची शहानिशा करणे, आणि ती वार्ता खोटी ठरली तरी कळवणाऱ्याला नाउमेद न करणे, ही त्यासाठीची साधने होती. किंबहुना अशा वार्ता येत राहणे हेच यंत्रणा जागी असल्याचे लक्षण मानले जाते. ज्या जिल्ह्यातून वर्षभर एकही संशयित रुग्ण कळवला जात नाही, तो निरोगी असेलच असे नाही.

याच काळात, याच देशात, उलट चित्रही दिसले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. त्याच्या अकरा महिने आधी किल्लारीचा भूकंप झाला होता, आणि त्यानंतर विस्कटलेल्या परिसरात उंदीर वाढल्याचे तेव्हा सांगितले जात होते. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली. काही दिवसांत लाखो लोकांनी ते शहर सोडले, औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, आणि अनेक देशांनी भारताशी होणारी विमानवाहतूक थांबवली. देशात पन्नासहून अधिक मृत्यू नोंदले गेले. त्या आठवड्यांत आमच्याकडे तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय कोणी बसमध्ये चढत नसे, हे मला स्पष्ट आठवते.

ती साथ तुलनेने लवकर ओसरली. परंतु हा खरोखर प्लेगच आहे का, हे निर्विवादपणे सांगता येण्यासाठी देशाला जो काळ लागला, तो अधिक क्लेशदायक होता. भारतात माणसाला प्लेग झाल्याची त्याआधीची नोंद १९६६ ची होती. अठ्ठावीस वर्षांत त्या रोगाकडे पाहण्याची सवय बहुतेक ठिकाणी मोडली होती. प्लेगचा जीवाणू प्रयोगशाळेत ओळखू शकणारी माणसे थोडी उरली होती, जुन्या केंद्रांवर उंदीर आणि पिसवा तपासण्याचे काम क्षीण झाले होते, आणि नमुने कसे घ्यावेत, कोठे पाठवावेत याविषयी जिल्हा पातळीवर गोंधळ होता. निदानावर तज्ज्ञांमध्ये उघड मतभेद झाले आणि ते अनेक महिने चालले. एकाच संस्थेच्या एका खोलीत नारूचे उरलेले रुग्ण एक एक करून मोजले जात होते, आणि तिच्याच दारात प्लेग आला तेव्हा त्याला ओळखण्याची देशाची तयारी अपुरी ठरली. या दोन घटनांमध्ये मला विरोधाभास दिसत नाही. एका रोगाला रोज शोधले जात होते, दुसऱ्याला शोधणे जवळजवळ थांबले होते, एवढाच तो फरक आहे.

आणि जे तुटले ते जोडता येते, हेही पुढे दिसले. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात फुप्फुसाच्या प्लेगचे १६ रुग्ण आढळले आणि त्यांपैकी चार जण दगावले. या वेळी एनआयसीडीच्या प्रयोगशाळेने निदान निश्चित केले, रुग्णांच्या संपर्कातील लोकांना प्रतिबंधक औषधे देण्यात आली, आणि साथ त्या छोट्या परिसरातच थांबली. २००४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात गाठीचा प्लेग आला तेव्हाही तो तिथेच आटोक्यात आला. देशातल्या बहुतेकांना या दोन साथी झाल्याचेही ठाऊक नाही. सुरतेचे नाव मात्र अजून सर्वांना आठवते. रोगनियंत्रणाच्या यशाला स्मारक मिळत नाही, याबद्दल मला वाईट वाटते. कारण जे आठवत नाही त्यासाठी अर्थसंकल्पात पैसे मागणेही अवघड जाते.

रोग शोधण्यासाठी घरात शिरण्याचा विषय निघाला की मराठी वाचकाला १८९७ सालचे पुणे आठवल्याशिवाय राहणार नाही. साथरोग कायदा त्याच वर्षी, मुंबई इलाख्यातील प्लेगसाठी, घाईने करण्यात आला. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या, आजाऱ्यांना आणि संशयितांना ओढून नेले, आणि त्याचा परिणाम म्हणून लोक आजारी माणसे लपवू लागले. रँडच्या वधाचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पण आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर त्या मोहिमेने प्लेगची माहितीच दडपली, ही तिची मोठी हानी होती. नारूच्या शोधातही कर्मचारी घरोघरच गेले होते. मात्र त्यांच्या हातात चित्र होते, पाणी गाळण्याचे कापड होते, आणि कळवणाऱ्याला बक्षीस होते. लोकांनी स्वतःहून रुग्ण दाखवले. शंभर वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन शोधांतला फरक मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे, आणि कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत घरांच्या दारावर विलगीकरणाच्या पाट्या लावल्या जात होत्या तेव्हा तो पुन्हा पुन्हा आठवत होता.

एनआयसीडीने हाताळलेला आणखी एक रोग यॉज होता. तो आदिवासी भागांत, विशेषतः मुलांना होणारा त्वचेचा आणि हाडांचा आजार. १९९६-९७ मध्ये ओडिशातील कोरापुट जिल्ह्यातून त्याच्या निर्मूलनाची सुरुवात झाली. पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने तो बरा होतो, म्हणजे औषधाची अडचण नव्हती. अडचण होती रस्ता जिथे संपतो त्यापुढच्या वस्त्यांपर्यंत पोहोचण्याची. ऑक्टोबर २००३ नंतर रुग्ण आढळला नाही, तरी पाच वर्षांखालील मुलांच्या रक्ताच्या चाचण्या पुढे कित्येक वर्षे होत राहिल्या, आणि जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त झाल्याची घोषणा केली ती २०१६ मध्ये. इथे तर रोग गेल्यानंतरचा काळ रोग हटवण्याच्या काळापेक्षा मोठा होता.

नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाने ही दृष्टी एका रोगापुरती न ठेवता सर्व साथरोगांना लावली. उपकेंद्रातील आरोग्यसेविका लक्षणांवरून, दवाखान्यातील डॉक्टर निदानावरून, आणि प्रयोगशाळा तपासणीवरून, अशा तीन पातळ्यांवर माहिती भरली जाते, सोमवार ते रविवार हा आठवडा धरून ती जिल्ह्याकडे जाते आणि शेवटी दिल्लीत एकत्र होते. २०२१ पासून ही नोंद एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर, म्हणजे मोबाइल आणि संगणकावरून, थेट भरता येते. एका गावात एका आठवड्यात जुलाबाचे वीस रुग्ण दिसले, तर जलवाहिनी फुटली आहे का हे पाहायला पथक निघायला हवे. त्यासाठी शवविच्छेदनाचा अहवाल येण्याची वाट पाहावी लागू नये, हा या सगळ्याचा उद्देश.

या व्यवस्थेतले कच्चे दुवेही उघड आहेत. आपल्याकडे बहुसंख्य रुग्ण प्रथम खासगी दवाखान्यात जातात, आणि तिथून येणारी माहिती अजूनही अपुरी आहे. जिल्हा साथरोग अधिकाऱ्याची जागा रिकामी असते किंवा तिचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्या कोणावर असतो. संगणकावर निरंक भरणे कागदावर निरंक लिहिण्यापेक्षाही सोपे आहे. आणि साथ जाहीर झाली तर जिल्ह्याची बदनामी होईल, ही भीती अधिकाऱ्यांच्या मनातून गेलेली नाही. वास्तविक जो जिल्हा अधिक साथी कळवतो तो बहुतेक वेळा अधिक बारकाईने पाहत असतो, पण वार्षिक तक्त्यात तोच सर्वात वाईट दिसतो. राष्ट्रीय संस्थेने इथे जे करावे असे मला वाटते, ते नारूच्या वेळी तिने केलेलेच आहे: निरंक अहवाल जसाच्या तसा न स्वीकारता, दरवर्षी काही गावे अचानक निवडून, बाहेरच्या माणसांकडून, जागेवर तपासून घेणे, आणि त्या तपासणीचे निष्कर्ष राज्याच्या नावानिशी प्रसिद्ध करणे.

२०१२ पासून एनसीडीसीत साथरोग अन्वेषणाचे दीर्घ प्रशिक्षण दिले जाते, ज्यात तरुण डॉक्टर वर्गात बसण्यापेक्षा प्रत्यक्ष साथीच्या ठिकाणी जाऊन शिकतात. २०२१ च्या अर्थसंकल्पात संस्थेच्या पाच प्रादेशिक शाखा आणि वीस महानगरी आरोग्य सर्वेक्षण केंद्रे बळकट करण्याची घोषणा झाली. मी या दोन्ही गोष्टींचे मनापासून स्वागत करते. महानगरांत तर त्यांची गरज अधिक आहे, कारण खेड्यात आरोग्यसेविकेला प्रत्येक घर माहीत असते, पण मुंबई-पुण्याच्या वस्तीत दर सहा महिन्यांनी भाडेकरू बदलतो आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. या केंद्रांकडे इमारत आणि यंत्रे येतील. त्यांच्याकडे वस्तीत फिरणारी, कायम नोकरीवर असलेली माणसे किती असतील, आणि ज्या वर्षी कोणतीही साथ येणार नाही त्या वर्षी त्यांचे वेतन कोणत्या शीर्षाखाली निघेल, हे अजून ठरायचे आहे.

जगात नारू अजून संपलेला नाही. १९८६ मध्ये अंदाजे ३५ लाख लोकांना होणारा हा आजार २०२३ मध्ये केवळ १४ माणसांना झाला, परंतु आफ्रिकेत, विशेषतः चाडमध्ये, तो आता कुत्र्यांमध्ये आढळतो आणि त्यामुळे अखेरचा टप्पा लांबला आहे. भारताला प्रमाणपत्र मिळून पंचवीस वर्षे झाली, तरी जग नारूमुक्त घोषित होईपर्यंत इथेही कोणी संशयित रुग्ण कळवला तर त्याची चौकशी करणे बंधनकारक राहते. म्हणून मराठवाड्यात, विदर्भात किंवा इतर कोठेही एखाद्याच्या पायातून असा दोरा निघाल्याचे कानावर आले, तर ती गोष्ट हसण्यावारी न नेता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगावी. बहुतेक वेळा तो दुसराच काही विकार निघेल, आणि तसे निघाले तरी कळवणाऱ्याचा वेळ वाया गेला असे आरोग्य केंद्राने त्याला वाटू देऊ नये.